एकोणतीसचा पाढा

गुरुवार, १३ मार्च

अर्णवला एकोणतीस नंबर मिळाला. सकाळी पोह्यांना फोडणी देत होते तेव्हा तुषारने फोटो पाठवला. पोरगा क्लबच्या मैदानावर बत्तिशी दाखवत उभा, हातात बिनबाह्यांची जर्सी, तिच्या पाठीवर २९.

तुषार माझा धाकटा भाऊ, अर्णव त्याचा मुलगा. एकोणीस वर्षांचा झाला. दहा वर्षांचा होईपर्यंत इथेच, आमच्या फ्रीगंजात होता. मृणाल, म्हणजे त्याची आई, नोकरीसाठी रोज इंदूरला अप-डाउन करायची, म्हणून शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडे. मग ते तिघं मेलबर्नला गेले. मला मूल नाही, अर्णव आहे. हे एकदा लिहून टाकते म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको.

तिकडे त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. त्या खेळात हा आता पगारी खेळाडू झाला. सध्या नवशिक्यांच्या यादीत, करार एका वर्षाचा. तुषारने साफ सांगितलंय, वर्षभरात मोठ्या टीमकडून खेळला तर ठीक, नाहीतर गपगुमान इंजिनिअरिंग. मी तुषारच्या बाजूची आहे. बॉलमागे धावून कोणाचं आयुष्य निघालंय?

दुपारी त्याचाच फोन.

"आत्या, ट्वेंटी नाइन!"

"मराठीत सांग."

"एकोणतीस."

"मग म्हण."

"काय म्हणू?"

"पाढा म्हण. ज्याच्यासाठी गोदरेजच्या कपाटामागे लपून बसायचास, तो."

तो आधी हसला. मग एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न करत एका दमात दाहे दोनशे नव्वदपर्यंत जाऊन थांबला. एक आकडा चुकला नाही. अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण बोर्डाचा रिझल्ट लागल्यावरही असं कधी बरं वाटलं नव्हतं. ठरलं मग, प्रत्येक मॅचच्या आदल्या दिवशी फोन करायचा आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. टोटका म्हणा, तोडगा म्हणा.

शनिवार, २९ मार्च

आज पहिली पूर्ण मॅच पाहिली. अर्णव क्लबच्या दुसऱ्या टीममधून खेळतो आणि ती मॅच फोनवर दिसते. ह्यांनी, म्हणजे आमच्या प्रकाशरावांनी, फोन टीव्हीला जोडून दिला. रेल्वेत सिग्नल सांभाळले त्याचा एवढा उपयोग झाला. शेजारचे भय्यासाहेबही चहा घेऊन येऊन बसले. त्यांचे पणजोबा शिंदेसरकारांच्या दफ्तरात होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीवर मत देण्याचा हक्क ते वंशपरंपरेने बाळगून आहेत.

मला समजलं तेवढं असं. मैदान अंडाकृती, बॉल पपईसारखा. एका बाजूला अठरा जण. हातात धरून पळायचं, लाथेने उडवायचं, मुठीने ढकलायचं, सगळं चालतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोनांतून गेला तर सहा गुण, बाजूने गेला तरी एक गुण. म्हणजे चुकलं तरी ग्रेस देतात, आमच्या बोर्डासारखं.

"वहिनी, ये फुटबॉल आहे की मारामारी?" भय्यासाहेब म्हणाले.

"दोन्ही आहे," मी म्हटलं, "गप्प बसून बघा."

अर्णवची उडी काय सांगू! पुढच्याच्या खांद्यावर गुडघा टेकून वरच्या वर बॉल पकडला. ही उडी मलखांबाची आहे. लहानपणी रोज संध्याकाळी आखाड्यात सोडायला मीच जायची. कोचने विचारलं म्हणे, एवढा वर कसा जातोस? हा म्हणाला, लाकडाच्या खांबावर शिकलो. कोचला वाटलं पोरगा मजा घेतोय.

मॅच संपल्यावर तुषारचा फोन. "ताई, सात मार्क! पहिल्याच मॅचला सात!"

"सात? कितीपैकी?"

तिकडे हशाच हशा. त्या खेळात लाथेने आलेला बॉल जमिनीला न लागता पकडला की त्याला मार्क म्हणतात. मग तसं आधी सांगायला काय होतं? मला खामखा धस्स झालं ना.

गुरुवार, २४ एप्रिल

दर गुरुवारी मोठ्या टीमची नावं लागतात. या आठवड्यातही अर्णव नाही. मला काही फरक पडत नाही. यादी आपली सहज बघून घेतली, तीनदा.

गुरुवार, १५ मे

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

दुपारी क्लबच्या पानावर यादी उघडली. वरच्या नावांत अर्णव नाही. खाली ‘इमर्जन्सी’ असं मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली तीन नावं. दुसरं अर्णवचं.

तुषारला फोन लावला, उचलला नाही. मृणालचा बंद. मग पुण्याला धाकट्या बहिणीला, जयूला लावला, ती तिथूनच रडायला लागली. भय्यासाहेबांनी शर्ट घातला, म्हणाले, चला, आपण काहीतरी करू. काय करणार होते देव जाणे. हे न बोलता चपला घालून ऑटो पकडून महाकालला निघाले. मी देवापुढे बसले आणि मला एक स्तोत्र धड आठवेना.

तासाभराने अर्णवचाच फोन. "आत्या, एवढे मिस्ड कॉल? मी केळी घेतोय."

"तू... तू इमर्जन्सीत आहेस ना रे?"

"हो! मस्त ना? पहिल्यांदा!"

इमर्जन्सी म्हणजे राखीव. आयत्या वेळी कोणाला खेळता आलं नाही तर घ्यायला तीन जण. अरे मग राखीव म्हणा की मेल्यांनो! हे मंदिरातून कपाळभर भस्म लावून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "चला, अ‍ॅडव्हान्समध्ये झालं."

संध्याकाळपासून घरच्या ग्रुपवर एकच चाललंय. जयूने लिहिलं, ताई, कुकरची शिट्टी होत नाहीये, इमर्जन्सी. तुषारने तर माझं नावच इमर्जन्सी ताई करून टाकलं. हसा लेको.

शनिवार, ७ जून

आता मोठ्या टीमच्या मॅचही बघते. आज विरुद्ध बाजूच्या एकाच्या डोक्याला लागलं, तो स्वतः उठून चालत होता तरी डॉक्टरने बाहेर नेऊन बसवला. तुषार म्हणाला, डोक्याला मार असला की कमीत कमी दोन आठवडे खेळूच देत नाहीत, आणि डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत तर नाहीच. मला हा नियम फार आवडला. सबंध खेळात तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट आहे.

अर्णवला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "नियम चांगलाच आहे आत्या. पण दोन आठवड्यांत तुझी जागा दुसरा घेऊन टाकतो."

"जागा गेली तरी चालेल, डोकं जागेवर पाहिजे."

तो हसला.

शनिवार, १२ जुलै

चांगला खेळला आज. एका उडीत मागून कोणाचा तरी गुडघा त्याच्या मानेच्या वर बसला. पडला, मला वाटलं आता काय, पण लगेच उठला, हात झटकले, पळाला. डॉक्टर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच कोणाचा तरी पाय बघत होता. मी इथून ओरडले, शाब्बास रे पठ्ठ्या! भय्यासाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १४ जुलै

महाकालच्या सवाऱ्या, म्हणजे श्रावणातल्या पालखीच्या मिरवणुका, आजपासून सुरू. शहरात आता दर सोमवारी कुठूनही कुठेही जाता येणार नाही.

अर्णवचा फोन, पण नुसता आवाज. व्हिडिओ का नाही म्हटलं तर म्हणाला, स्क्रीनचा उजेड टोचतो. रात्र-रात्र मोबाइल बघत असणार. तो आता आईबापांकडे राहत नाही, क्लबच्या दोन मुलांबरोबर घर घेऊन राहतो. म्हणजे सांगणारं कोणी नाही. मी चांगला झापला.

शुक्रवार, १८ जुलै

उद्या मॅच, म्हणून पाढा. साही एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत आला आणि थांबला. मग म्हणाला, साते दोनशे तेरा.

"काय?"

"तीन. दोनशे तीन."

"रियाज कमी पडतोय," मी म्हटलं.

मग विचारलं, काय खाल्लंस, तर डोकं दुखत होतं म्हणून झोपून होतो म्हणाला. नजर लागली असणार. त्याला फोन चालू ठेवायला सांगून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. हे बाजूला पेपर वाचत होते, म्हणाले, "फोनची काढतेस की त्याची?" ह्यांना प्रत्येक गोष्टीत टवाळी.

शनिवार, २६ जुलै

काल पाढा म्हणताना चोकनंतर एकदम आठे. मधलं गायब. मी म्हटलं, पुन्हा म्हण. तो चिडला. "आत्या, इट्स जस्ट अ टेबल." मग फोन ठेवला. असा कधी बोलला नव्हता माझ्याशी.

मृणालला म्हटलं, तर तीही तेच म्हणाली. रविवारी जेवायला आला होता, ताटावरून न बोलता उठून गेला. टेन्शन आहे टीममध्ये यायचं, म्हणाली.

मला वाटतं, खरी गोष्ट वेगळी आहे. मराठी सुटत चालली पोराची. आकडे आता इंग्रजीतच मोजत असेल. नऊ वर्षं झाली, आज ना उद्या होणारच होतं. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दुपारी जेवले नाही.

मंगळवार, २९ जुलै

स्वतःहून फोन केला, सॉरी म्हणाला. मग विचारलं, आत्या, भुट्ट्याचा कीस कसा करतेस? सगळं सांगितलं, दूध कधी, जिरं कधी, मिरची किती. इकडचं तिकडचं बोललो. आणि ठेवता ठेवता म्हणतो, "आत्या, तो भुट्ट्याचा कीस कसा करतेस ग?"

मी म्हटलं, लक्ष कुठे आहे तुझं? अण्णांसारखा झालास अगदी. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधायचे. तो म्हणाला, हो ना. कीस करावासा वाटला म्हणजे मुलाला घरची आठवण येते आहे. तेवढ्यावरच मी खूश.

गुरुवार, ७ ऑगस्ट

अर्णव टीममध्ये! मोठ्या टीममध्ये! इमर्जन्सी नाही, खरोखरचा, वरच्या नावांत! शनिवारी मॅच. मोठ्या टीममधल्या दोघांना लागलं, आणि गेल्या शनिवारी अर्णवने दुसऱ्या टीमकडून भरपूर मार्क घेतले, म्हणून कोचने बोलावून सांगितलं.

तुषारचा आवाज ऐकायला हवा होता. मार्चमध्ये इंजिनिअरिंग-इंजिनिअरिंग करणारा माणूस, आज सबंध मराठी मंडळाची तिकिटं काढून बसलाय. "ताई, राखीच्या दिवशी आहे ग!" म्हणाला आणि घसा खाकरत बसला. मी टावर चौकात जाऊन मावा-बाटी आणली, अख्ख्या गल्लीत वाटली. भय्यासाहेबांनी दोन घेतल्या, शुगर असताना.

मी तुषारच्या बाजूची होते असं वर कुठेतरी लिहिलंय. ते आता नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

क्रमाने लिहिते.

सकाळी आठला अर्णवचा फोन. आवाज हसरा. मी म्हटलं, चल, आज तर पाढा खणखणीत झाला पाहिजे. तो म्हणाला, हो, आणि सुरू झाला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. सगळं बरोबर. साते दोनशे तीन, आठे दोनशे बत्तीस, नवे दोनशे एकसष्ट, दाहे दोनशे नव्वद. कुठे अडखळला नाही.

पण पाठ म्हणणारं पोर सोप्या ठिकाणी पळतं आणि अवघड ठिकाणी हळू होतं. हा सगळीकडे एकाच चालीने चालला होता. अडतीस वर्षं मी वर्गात पाठ म्हणवून घेतलं आहे. बाकावर वही उघडी ठेवून म्हणणारी पोरं मला पाठमोरी उभी असताना कळायची.

मी म्हटलं, "अर्णव, कागद खाली ठेव."

तिकडे कागद सळसळला.

"कागद उलटा ठेव आणि नुसतं साते किती ते सांग."

तो पुन्हा एकेपासून पुटपुटायला लागला. मग म्हणाला, "आत्या, येत नाहीये. सकाळपासून करतोय. येतच नाहीये."

आणि मग रडला. बारा जुलैला तो गुडघा लागला ना, तेव्हापासून आहे म्हणाला. उजेड सहन होत नाही, वाचलं की अक्षरं हलतात, कोणी सांगितलेलं राहत नाही. क्लबात कुणाला बोलला नाही. डॉक्टर दर आठवड्याला सगळ्यांनाच विचारतात, हा म्हणतो सगळं ठीक. मग त्यांना कळणार तरी कसं?

"आणि मी तुला मराठी विसरलास म्हणून बोलत होते!"

"बाबांना सांगू नकोस आत्या. फक्त उद्याची मॅच. उद्या खेळलो की मी स्वतः डॉक्टरांना सांगतो. शप्पथ. परत असा चान्स येणार नाही. प्लीज."

मी म्हटलं, बघते. ‘नाही सांगणार’ असं म्हटलं नाही. पण त्याने तसंच धरलं, हे मला कळलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "लाल सिग्नल दिसल्यावर ड्रायव्हरला आवडेल का, हे बघत नाहीत."

तुषारला फोन लावला. तो एअरपोर्टवर होता, सिडनीहून कोणी मित्र यायचा होता मॅचला. माझं अर्धं ऐकून हसायला लागला. "ताई, परत इमर्जन्सी? अग पाढा चुकला म्हणून मॅच सोडायची? मला तरी कुठे येतो एकोणतीसचा?" मी ओरडले. तो म्हणाला, नर्व्हस आहे तो, उद्याचं होऊ दे, मग बोलू. मृणालचा फोन लागेना.

मग मी क्लबच्या पानावरचा नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा परदेशात अनोळखी माणसाला. एका मुलीने उचलला. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं की मी एकोणतीस नंबरची आत्या बोलते, इंडियातून, आणि इमर्जन्सी आहे.

ती गोड हसली. म्हणाली, नाही मॅडम, या आठवड्यात तो इमर्जन्सी नाही, टीममध्ये आहे. अभिनंदन!

हे परमेश्वरा! तो शब्दच माझ्या राशीला लागलाय. मी म्हटलं, बाई ग, तुमची इमर्जन्सी नाही, आमची इमर्जन्सी. हॉस्पिटलची. डॉक्टरला दे.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मी गुडघा सांगितला, उजेड सांगितला, भुट्ट्याचा कीस दोनदा विचारला ते सांगितलं, पाढा सांगितला. त्यांनी विचारलं, हा पाढा त्याला आधी नक्की येत होता का? मी म्हटलं, मार्चमध्ये एका दमात. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, थँक यू, आता पुढचं आमच्यावर सोडा.

फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. ह्यांनी चहा केला. साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायले.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. सकाळी साडेनऊला मॅच सुरू झाली. अर्णव नव्हता. त्याच्या जागी एक लाल केसांचा मुलगा आला, इमर्जन्सीतला. बरा खेळला. मी टीव्ही बंद केला.

तुषारचा मेसेज एका ओळीचा. ‘सीझन संपला त्याचा. कोणाला सांगायचं होतं तर मला सांगायचं होतंस.’ सांगितलं होतं की रे बाबा. मी काही उत्तर दिलं नाही. राखी वेळेत पोचली की नाही तेही विचारलं नाही.

अर्णवला तीन फोन केले. तीनही कापले.

सोमवार, १८ ऑगस्ट

आज शेवटची, राजसी सवारी. बँकेत जायचं होतं, ऑटोवाला म्हणाला, "आंटी, आज कहीं नहीं जाएगी, सब रस्ते बंद हैं." तिथेच गर्दीत उभी राहिले. पालखी दुरून दिसली. हात जोडले आणि काय मागावं ते समजेना. त्याचं डोकं बरं कर म्हटलं. मग म्हटलं, आणि त्याला माझ्याशी बोलायची बुद्धी दे. एका वेळी दोन मागू नये, पण मागितलं. रडू आलं ते गर्दीत खपून गेलं.

हे म्हणतात, "तू बरोबर केलंस. पण त्याचा फोन येईल असं धरून चालू नकोस." मी धरून चालते आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

क्लबने पुढच्या वर्षीची यादी लावली. एकोणतीस नंबरपुढे आता त्या लाल केसांच्या मुलाचं नाव आहे. अर्णवला सोडलं. मृणालने कळवलं. म्हणाली, क्लबवाले चांगलं बोलले, पण एकही मोठी मॅच नाही, सीझनच्या शेवटी बाहेर, काय करणार.

हे माझ्यामुळे झालं. कोणी काही म्हणो, माझ्या एका फोनमुळे झालं. तो फोन मी आजही केला असता, पण त्याने हे थोडंच बदलतं?

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. तुषारचा फोन, अडीच महिन्यांत पहिला. ओवाळणीचं बोलला, फराळाचं बोलला, मग हवेचंही बोलला. मी वाट पाहिली.

"ताई, मागच्या आठवड्यात त्याचं शेवटचं चेकअप झालं. सगळं नॉर्मल आलं."

"देव पावला."

"त्या डॉक्टर बाई म्हणाल्या, त्या शनिवारी परत लागलं असतं तर..." आणि पुढे त्याला बोलता येईना. मोठा माणूस, पन्नाशीचा, फोनवर हुंदके देत होता. मी म्हटलं, पुरे आता, करंज्या खा.

"अर्णव कसा आहे?" मी विचारलं.

"तुझं नाव काढलं की खोलीतून जातो. दे जरा टाइम."

देते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मेथी निवडत होते. फोन वाजला, नाव दिसलं, आणि मेथीची जुडीच हातातून सुटली.

"आत्या."

"बोल."

"मी अजून रागावलोय."

"बरं."

"तू सांगणार नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले नव्हते. बघते म्हणाले होते."

"चीटिंग आहे ती."

"हो, आहे," मी म्हटलं. खरंच होती.

ह्यांनी कान इकडे लावून टीव्हीचा आवाज कमी केला. मग तिकडून सुरू झालं, एकोणतीस एके एकोणतीस. दुणेला पळाला. चोकला पळाला. साहीला जरा हळू झाला, श्वास घेतला, साते दोनशे तीन म्हणाला आणि तिथून जो सुटला तो थेट दोनशे नव्वदवर. मी डोळे मिटून ऐकत होते. कागद नव्हता. शंभर टक्के नव्हता.

"किती मार्क?" त्याने विचारलं.

"दहापैकी दहा," मी म्हटलं आणि सांडलेली मेथी गोळा करायला लागले, तर तो आपला बडबडत राहिला. एका लहान क्लबने सरावाला बोलावलंय. खालच्या दर्जाची लीग आहे. त्यांना आवडला तर मार्चपासून खेळायचं. बाबा म्हणतात, कॉलेज आणि खेळ दोन्ही कर. डॉक्टरने लेखी हो म्हटलंय, वाटलं तर विचार त्या बाईंना, तुझी ओळख आहे.

"आणि आत्या, नवा नंबर दिलाय. सेहेचाळीस. उद्या सरावाची मॅच आहे, म्हणून आज म्हणायचा होता. पण सेहेचाळीसचा पाढा तू मला शिकवलाच नाहीस."

"मला कुठे येतो रे! आमच्या वेळी तीसपर्यंतच होते."

"मग पाठ कर. मीपण करतो. पुढच्या शुक्रवारी दोघांनी म्हणायचा. कागद न बघता."

रात्रीचा स्वयंपाक तसाच पडलाय. हे दोनदा विचारून गेले की आज जेवण आहे की नाही. सेहेचाळीस एके सेहेचाळीस, दुणे ब्याण्णव, त्रिक एकशे अडतीस, चोक एकशे चौऱ्याऐंशी, पाचे दोनशे तीस, साही दोनशे शहात्तर, साते... साते परत अडलं. वही बंद करून पुन्हा पहिल्यापासून म्हणते.